लुप्त नगरीचे शिल्पपट

एच. पी. लव्हक्राफ्ट यांच्या १९३१ साली लिहिलेल्या व १९३६ साली 'अस्टाउंडिंग स्टोरीज' मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झालेल्या 'अ‍ॅट द माउंटन्स ऑफ मॅडनेस' या दीर्घकथेत अंटार्क्टिकातील हिमाच्छादित नगरीत दोघेच शिरतात : भूगर्भशास्त्रज्ञ डायर आणि पदव्युत्तर विद्यार्थी डॅनफर्थ. नगरीचा कोट्यवधी वर्षांचा इतिहास भिंतींवरील शिल्पपटांतून त्यांना काही तासांतच उलगडतो, हा कथेचा सर्वांत दुर्बळ दुवा होय. मोहेंजोदडोच्या शोधाची वार्ता १९२४ साली जाहीर झाली. तेथील मुद्रांवरील लिपी अद्यापही वाचता आलेली नाही. उत्खनित नगरी इतक्या सहजासहजी बोलत नसते.

तथापि एवढ्यावरच कथा निकालात काढणे अन्यायाचे ठरेल. डायर शिल्पांचा आशय वाचतो तशी त्यांची शैलीही न्याहाळतो. उत्तरकालीन शिल्पांत कारागिरी ढासळत जाते, आणि भुयारात तर जुने कोरीव काम खरवडून त्यावर केलेली ओबडधोबड नक्कल आढळते. ती कोणाच्या हातची? संशय वळतो तो नगरी उभारण्यासाठी राबवलेल्या शॉगॉथ या दासजातीकडे. येथे कलेचा ऱ्हास हाच पुरावा ठरतो व कथानकही त्यानेच पुढे सरकते. केवळ इतिहासकथन करणारी मधली पृष्ठे मात्र जडच राहतात.