वाट निवडणारे आणि वाट काढणारे

गोष्ट एकदा छापली की तिचा शेवट ठरला, असे आपण धरून चालतो. वाचकाने हळहळावे, चिडावे, पुस्तक मिटून ठेवावे. शेवट काही बदलत नाही. या समजाला छेद देणारा एक प्रकार इंग्रजीत चांगलाच रुजला आहे. गोष्ट मध्येच थांबते आणि वाचकाला विचारते, गुहेत शिरायचे की परत फिरायचे? शिरायचे असेल तर अमुक पान उघडा, फिरायचे असेल तर तमुक. एडवर्ड पॅकर्ड यांचे 'द केव्ह ऑफ टाइम' १९७९ मध्ये आले आणि त्यातून सुरू झालेली 'चूज युवर ओन अॅडव्हेंचर' ही मालिका १९९८ पर्यंत चालली. तिच्या पंचवीस कोटींहून अधिक प्रती खपल्या. पुढे आर. एल. स्टाइन यांनी १९९५ पासून हाच साचा भुताखेतांच्या गोष्टींना लावला. त्यातले एक जीर्ण पुस्तक आम्हाला कल्याणात एका रद्दीवाल्याकडे किलोच्या भावात मिळाले, आणि तेव्हापासून या प्रकाराने आमचा पिच्छा सोडलेला नाही.

मजकुराची गोष्ट अशी फाटे फोडू शकते, तर चित्रांची का नाही? याचे सर्वांत चोख उत्तर जेसन शिगा या अमेरिकन चित्रकाराने २०१० साली 'मीनव्हाइल' या पुस्तकात दिले. शिगा गणिताचे पदवीधर आहेत आणि पुस्तकाच्या पानापानावर ते जाणवते. जिमी नावाचा मुलगा आइस्क्रीमच्या दुकानात जातो. व्हॅनिला की चॉकलेट, एवढाच प्रश्न. पण पुढे तो एका शास्त्रज्ञाच्या घरात पोहोचतो. तिथे तीन यंत्रे आहेत: एक काळात मागे नेणारे, दुसरे परक्याच्या आठवणी आपल्या डोक्यात उतरवणारे आणि तिसरे, आत बसलेला सोडून जगातली सगळी माणसे मारून टाकणारे. एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत बारीक नळ्या जातात. नळी दुभंगली की निवड आली. नळी पानाच्या कडेपर्यंत गेली की तिथे बाहेर आलेली पट्टी धरून नवे पान उघडायचे. अशा ३,८५६ शक्यता पुस्तकात असल्याचे मुखपृष्ठच सांगते. बहुतेक वाटांवर जिमीचे, किंवा साऱ्या जगाचेच, काही खरे नसते.

हे पुस्तक आम्ही सातवीच्या वर्गात नेले. इंग्रजी फार थोड्यांना कळत होते, तरी पुस्तक हातोहात फिरले. त्याचे एक कारण असे की, उर्दू शाळेतला मुलगा चित्रकथा वाचतो तेव्हा पहिली अडचण दिशेची असते. उर्दू उजवीकडून सुरू होते, मराठी आणि इंग्रजी डावीकडून. त्यामुळे मराठी किंवा इंग्रजी चित्रकथा हातात आली की आमची मुले अनेकदा आधी उत्तर वाचतात आणि मग प्रश्न. शिगांच्या पुस्तकात ही अडचणच उरत नाही. नळी डावीकडे वळते, उजवीकडे वळते, वर चढते, खाली उतरते. तिच्यामागून गेलो की झाले. लिपीची दिशा तिथे कुणाची वरचढ ठरत नाही. पुस्तकाचे हे यश आम्हाला त्या ३,८५६ या आकड्याहून मोठे वाटते.

दुसरी गोष्ट मात्र खटकली. पॅकर्ड यांच्या पुस्तकांत नायक 'यू' असतो, म्हणजे वाचक स्वतः. इंग्रजी 'यू'ला लिंग नाही. मराठीत आणायचे म्हटले तर 'तू आत गेलास' लिहावे की 'तू आत गेलीस'? सुदैवाने मराठीत 'तुम्ही गेलात' म्हणता येते आणि मुलगा-मुलगी दोघेही त्यात मावतात. उर्दूत तीही सोय नाही. 'आप जाते हैं' म्हटले की वर्गातल्या अर्ध्या मुली गोष्टीबाहेर उभ्या राहतात. चित्रकथेत तर व्याकरणाचीही पळवाट बंद होते. जिमी डोळ्यांसमोर दिसतो. तो मुलगा आहे, तो मी नाही. म्हणजे मजकुराच्या पुस्तकात मी माझ्यासाठी ठरवतो, आणि चित्रांच्या पुस्तकात दुसऱ्यासाठी. जिमीने काय खावे, कुठे जावे, कोणते यंत्र चालवावे हे आम्ही ठरवणार आणि मरणार तो. हा फरक वरवर किरकोळ वाटतो, पण या प्रकाराचा खरा प्रश्न इथेच दडला आहे: निर्णय कुणाचा आणि आयुष्य कुणाचे?

आता निवडीकडे वळू. व्हॅनिला की चॉकलेट, यात विचार करण्याजोगे काय आहे? वाचकाला पुढचे काही ठाऊक नाही, कारण काही दिलेले नाही. स्टाइन यांच्या पुस्तकांत तर हे फारच होते. डावे दार उघडले तर मेलात, उजवे उघडले तर वाचलात. ही निवड नव्हे, हा फासा आहे. फाशाचा खेळ आपल्याकडे फार जुना आहे. ज्या सापशिडीला मराठी परंपरा मोक्षपट म्हणते आणि तिचे श्रेय ज्ञानेश्वरांना देते, तिचेच सूफी रूप 'शतरंज अल-आरिफीन' या नावाने ओळखले जाते. तिथेही घराघराला गुणदोषांची नावे, तिथेही चढण आणि घसरण, आणि शेवटी परमेश्वराची भेट. पण तो पट प्रामाणिक आहे. सोंगटी कुठे जाईल ते फासा ठरवतो, हे तो लपवत नाही. फाशाला निवडीचे कपडे चढवणे हा या पुस्तकांचा दोष आहे.

याउलट आपला वेताळ पाहा. वेताळाच्या गोष्टी मजहर अली खान विला आणि लल्लूलाल यांनी १८०५ मध्ये फोर्ट विल्यम कॉलेजसाठी हिंदुस्तानीत आणल्या. मराठीत सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी त्या १८३० मध्ये आणल्या. पुढे 'चांदोबा' मासिकातून, खांद्यावर प्रेत घेतलेल्या विक्रमाच्या चित्रासह, त्या घरोघरी पोहोचल्या. वेताळ गोष्ट सांगतो आणि विचारतो, यात खरा न्यायी कोण? उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोक्याची शकले होतील. बोललास तर प्रेत पुन्हा झाडावर. दोन्ही वाटा तोट्याच्या, तरी राजा प्रत्येक वेळी बोलतो. इथे वाचकाला पान उलटण्याची मुभा नाही, शेवटही ठरलेला आहे. पण निवडीसाठी लागणारी सगळी सामग्री त्याच्या हाती आहे: माणसे, त्यांची कृत्ये, त्यामागची कारणे. 'चांदोबा' वाचणारी मुले राजाचे उत्तर येण्याआधी आपले उत्तर देत आणि पटले नाही तर राजाशी भांडत. नळी एकही नाही, तरी फाटा खरा.

आमच्या परंपरेत हा वाद नवा नाही. जब्र की इख्तियार, माणूस बांधलेला की मोकळा, यावर जबरिया आणि कदरिया शतकानुशतके आमनेसामने उभे होते. अशअरी पंथाने मधला मार्ग सुचवला: कृती घडवतो अल्लाह, माणूस ती कमावतो. हजरत अली (रजि.) यांच्या नावाने एक किस्सा सांगितला जातो. कुणी विचारले, माणसाला किती इख्तियार आहे? ते म्हणाले, एक पाय उचल. त्याने उचलला. म्हणाले, आता दुसराही उचल. ते कसे जमणार? बस, इतकाच इख्तियार. शिगांचे पुस्तक मिटले की हा किस्सा आठवतो. ३,८५६ वाटा ऐकायला पुष्कळ वाटतात, पण ३,८५७वी नाही. प्रत्येक नळी आधीच कुणीतरी आखलेली आहे. आपण फक्त एक पाय उचलतो.

तरीही एका बाबतीत ही पुस्तके आयुष्याहून उदार आहेत. त्यांत मागे फिरता येते. शेवट रुचला नाही तर बोट ठेवलेले पान पुन्हा उघडायचे. तौबा या शब्दाचा मूळ अर्थ परतणे असाच आहे. आमच्या मुंब्र्यात १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबई सोडून आलेली कितीतरी कुटुंबे आहेत. त्यांनी ही वाट निवडली असे म्हणणे अन्यायाचे होईल. आणि मागचे पान उघडायची सोय त्यांना कुणी दिली नाही. त्या घरांतली पुढची पिढी आज आमच्या वर्गांत बसते. तिच्यापुढचे फाटेही ठरलेले: सातवी-आठवीला उर्दू शाळा संपली की पुढे कुठे? दहावीनंतर विज्ञान घ्यायचे तर सगळे एकदम इंग्रजीत, ते कसे?

म्हणून पुस्तक वाचून झाल्यावर आम्ही मुलांना म्हटले, आता तुम्ही काढा. जुन्या वह्यांचे कोरे कागद, पेन्सिल आणि नळीऐवजी लोकरीचा धागा. एका मुलाने नऊ शेवट काढले, त्यांतले सात दुबईचे. कारण विचारले तर म्हणाला, "सर, मामू वहीं हैं." एकाने सगळ्या वाटा क्रिकेटच्या मैदानावर नेल्या आणि मग, धागा संपला म्हणून, तिथेच थांबला. एका मुलीचे कागद मात्र आम्ही पुन्हा पुन्हा पाहिले. शाळेचा शेवटचा दिवस, मुलगी निकाल घेऊन घरी येते. तिच्या चौकटीतून एकच धागा निघतो, सरळ. फाटा फुटतो तो पुढच्या चौकटीत, अब्बांच्या डोक्यावर: पाठवू की नको? मुलीच्या तोंडी कुठेच प्रश्न नाही. शिगांच्या पुस्तकात आम्हाला जे खटकले होते, निर्णय एकाचा आणि आयुष्य दुसऱ्याचे, ते या मुलीने कुणी न शिकवता कागदावर मांडले होते. तिने ते तक्रार म्हणून काढले नव्हते. तिला ठाऊक असलेली रचना तीच होती.

आम्ही तिला बदल सुचवला नाही. फक्त धाग्याचा एक तुकडा तिच्या बाकावर ठेवला आणि म्हटले, आणखी हवा असेल तर आहे. तासाची घंटा झाली तेव्हा तो तुकडा तिने दफ्तरात टाकला होता. पुढे त्याचे काय केले ते विचारायचे आम्ही टाळले.

पॅकर्ड यांचे १९८२ चे 'इनसाइड यूएफओ ५४-४०' हे पुस्तक या संदर्भात मोलाचे आहे. त्यात अल्टिमा नावाच्या स्वर्गासारख्या ग्रहाचा शोध चालतो. त्या ग्रहाचे पान पुस्तकात आहे, पण दिलेल्या कोणत्याही वाटेने तिथे जाता येत नाही. सूचना बाजूला ठेवून जो सहज पाने चाळतो, त्यालाच ते सापडते. या प्रकाराच्या जनकानेच त्याची मर्यादा दाखवून द्यावी, ही मोठी गोष्ट आहे. दिलेल्या पर्यायांतून निवडणे म्हणजे स्वातंत्र्य नव्हे, हे मुलांना सांगणारे याहून सोपे पुस्तक आम्हाला ठाऊक नाही.

आमच्या लेखक-चित्रकारांकडून आम्हाला अपेक्षा आहे ती शिगांच्या नकलेची नाही. उजवीकडून वाचणारे आणि डावीकडून वाचणारे दोघेही ज्यात शिरू शकतील, मुलीला ज्यात 'तुम्ही' म्हणून बोलावले जाईल, ज्यातला प्रत्येक फाटा वेताळाच्या प्रश्नासारखा विचार करायला लावील, अशी एक चित्रकथा मराठीत आणि उर्दूत एकाच वेळी का येऊ नये? आणि तिच्या शेवटी चार-सहा चौकटी कोऱ्या सोडाव्यात. आपल्या मुलांना वाट निवडण्याची सवय आहे, कारण दोन वाईटांतली एक त्यांना रोजच निवडावी लागते. वाट काढण्याची सवय मात्र अजून लावायची आहे, आणि त्यासाठी लागणारा धागा काही फार महाग नाही.