संमतीचा सापळा : ‘बाल्डर्स गेट ३’मधील सैतानाच्या वास्तूचे चिकित्सक वाचन

प्रस्तावना

व्हिडिओ गेम हा केवळ करमणुकीचा प्रकार आहे, अशी समजूत दीर्घकाळ रूढ आहे. तथापि भूमिकाप्रधान खेळांत कथन, संवाद, वास्तुरचना आणि नैतिक निवड यांचा जो संयोग घडतो, त्याची दखल साहित्यसमीक्षेने घेणे आवश्यक ठरते. बेल्जियममधील लॅरियन स्टुडिओज या संस्थेने ऑगस्ट २०२३ मध्ये प्रकाशित केलेला ‘बाल्डर्स गेट ३’ हा खेळ या दृष्टीने अभ्यसनीय आहे. त्याच्या तिसऱ्या अंकात ‘हाऊस ऑफ होप’, म्हणजे ‘आशेचे घर’, नावाची वास्तू येते. नरकाच्या अव्हर्नस या पहिल्या स्तरावरील हा प्रासाद राफाएल या सैतानाचा आहे. या वास्तूतील खरे संकट पहारेकऱ्यांचे नसून खेळाडूच्या संमतीचे आहे, या सूत्राच्या आधारे प्रस्तुत लेखात या प्रसंगाची चिकित्सा केली आहे.

करार हेच शस्त्र

या खेळाची नियमव्यवस्था १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी सिद्ध केलेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळावर आधारलेली आहे. त्या परंपरेत सैतान हा नियमबद्ध दुष्ट मानला जातो. तो लुटत नाही, लिहून घेतो. युरोपीय साहित्यात मार्लो आणि गटे यांच्या फाउस्टविषयक नाट्यकृतींतून जी कल्पना दृढ झाली, तिचेच हे खेळरूप होय. राफाएलची मागणीही तशीच आहे. ओर्फियस या बंदिवान राजपुत्राच्या मुक्ततेसाठी लागणारा हातोडा तो देऊ करतो आणि मोबदल्यात कार्ससचा मुकुट मागतो. मुकुट सैतानाच्या हाती गेल्यास परिणाम काय होतील, याची कल्पना खेळाडूला असते. परंतु त्याच्या मेंदूत परजीवी अळी शिरलेली असल्याने त्याची निकड खरी असते. सावकाराच्या दारी जाणाऱ्या कुळाची जी अवस्था, तीच येथे नायकाची आहे. सही करण्याचे स्वातंत्र्य त्याला असते. मात्र त्या स्वातंत्र्याची परिस्थिती त्याने निवडलेली नसते.

पाहुणा ते चोर

या वास्तूची रचना दोन भेटींवर उभी आहे. खेळाच्या पहिल्या अंकातच राफाएल नायकाला क्षणार्धात आपल्या भोजनगृहात नेतो आणि पक्वान्नांनी भरलेल्या मेजाजवळ आपले सैतानी रूप प्रकट करतो. त्या वेळी नायक पाहुणा असतो. तिसऱ्या अंकात तो त्याच घरात परततो, तेव्हा चोर असतो. हेल्सिक या व्यापारिणीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर कवटी, धूप, हिरा, नाणे आणि नारकीय संगमरवर या वस्तूंची मांडणी करून द्वार उघडावे लागते. पूर्वी आतिथ्याने मिळालेला प्रवेश आता विधीने मिळवावा लागतो. एकाच अवकाशाचा अर्थ प्रवेशकर्त्याच्या भूमिकेनुसार बदलतो, हे या रचनेतून दाखवून दिले जाते.

पाहुण्याला घरी बोलावून अडकवणाऱ्या वास्तूची कल्पना भारतीय परंपरेलाही अपरिचित नाही. महाभारतातील वारणावतचे लाक्षागृह हे तिचे ठळक उदाहरण होय. तेथे विदुराचा सूचक इशारा पांडवांना तारतो. येथे ते काम होप या बंदिवान स्त्रीकडे आहे. घराच्या प्रवेशदालनात तिची छायामूर्ती प्रकट होऊन साहाय्य मागते. प्रदीर्घ छळाने तिची वाणी विस्कळीत झाली आहे, परंतु निश्चय मोडलेला नाही. उलट तिची बहीण कोरिला राफाएलच्याच सेवेत आहे. ‘आशेचे घर’ या नावातील उपरोध येथे उलगडतो : घराला जिचे नाव आहे, तीच त्या घरात साखळदंडांनी बांधलेली आहे. दान्तेच्या नरकद्वारावर आशा सोडून देण्याची आज्ञा आहे. राफाएलने आशा सोडून दिलेली नाही, ती कोंडून ठेवली आहे.

मोहाची वास्तुरचना

घरात वावरताना बळापेक्षा युक्तीला महत्त्व आहे. अभिलेखागाराचा रक्षक ज्या पाहुण्याची वाट पाहत असतो, त्याचे सोंग वठवून त्याची दिशाभूल करता येते. शय्यागृहात चित्रामागे तिजोरी दडवलेली आहे. तेथेच राफाएलचे रूप धारण केलेला हार्लेप खेळाडूसमोर आणखी एक सौदा ठेवतो. तो स्वीकारल्यास खेळाडूच्या देहाचे रूप हार्लेपला वापरावयास मिळते. एक करार टाळण्यासाठी आलेल्या व्यक्तीला दुसऱ्या करारात गुंतवण्याची ही योजना लक्षणीय आहे.

त्याहून सूक्ष्म मोह अभिलेखागारात आहे. तेथे हातोड्याबरोबर राक्षसी बळ देणारे हातमोजे आणि उत्तम आरोग्य देणारा ताईतही ठेवलेला आहे. कथेच्या दृष्टीने गरज हातोड्याची असते. होपच्या शृंखलाही त्यानेच तुटतात. तरीही खेळाडूचा हात इतर वस्तूंकडे वळतो, कारण या खेळप्रकारात सामर्थ्य वस्तुसंचयाने मोजले जाते. येथे कोणताही सैतान कानाशी कुजबुजत नाही. खेळाडूची जमाखर्चाची सवयच मोह घालते. या घरात कर्जदार आत्मे खितपत पडलेले आहेत आणि त्यांच्या दैन्याच्या सान्निध्यात खेळाडू स्वतःच्या जमेची बाजू वाढवत असतो. राफाएलची खतावणी आणि खेळाडूची झोळी यांतील हे साम्य, हे या प्रसंगाचे सर्वांत प्रभावी आशयसूत्र होय.

मर्यादा

चोरीनंतर परतीच्या वाटेवर प्रवेशदालनात राफाएल उभा ठाकतो आणि युद्ध होते. बोरिस्लाव स्लावोव्ह यांच्या संगीतरचनेत राफाएल स्वतःच गातो. त्याला आवाज देणारे अभिनेते अँड्र्यू विनकॉट यांच्या गायनामुळे या युद्धाला नाट्यगृहातील अखेरच्या प्रवेशाची उंची लाभते. मात्र येथेच मूळ प्रश्न निसटतो. करारातून सुटावे कसे, या प्रश्नाचे उत्तर शब्दाने न मिळता शस्त्राने मिळते. राफाएलला बळ पुरवणारे आत्म्यांचे चार स्तंभ खेळाडू फोडतो, तेव्हा तो डावपेच आखत असतो. ते आत्मे कोणाचे, हे विचारण्यासाठी थांबणे खेळ त्याला भाग पाडत नाही. लाक्षागृहातून पांडव सुटले, परंतु एक निषाद स्त्री आणि तिचे पाच पुत्र तेथेच जळाले. नायकांच्या सुटकेमागे अनामिकांचे असे मोल असते, याची जाणीव महाभारत नोंदवून ठेवते. राफाएलच्या पराभवाच्या जल्लोषात ती पुरेशी टिकत नाही.

दुसरी मर्यादा माध्यमाची आहे. फाउस्टची सही पुसता येत नाही. खेळाडू मात्र जतन केलेल्या टप्प्यावर मागे जाऊन आपली सही रद्द करू शकतो. ३० नोव्हेंबर २०२३ च्या सुधारणेत समाविष्ट झालेल्या ‘ऑनर मोड’ या प्रकारात एकच जतन-नोंद ठेवली जाते. त्यामुळे निर्णयाची अपरिवर्तनीयता काही प्रमाणात परत येते आणि करार पुन्हा करार वाटू लागतो.

निष्कर्ष

या प्रसंगाचे यश त्यातील युद्धापेक्षा त्याआधीच्या वावरात आहे. पाहुण्याचा चोर होणे, सौद्यातून सौदा निघणे आणि लोभाने खेळाडूच्या सवयीचे रूप घेणे, या तिन्ही गोष्टी वास्तुरचनेतून व्यक्त होतात, उपदेशातून नव्हे. युद्धात होप जिवंत राहिल्यास घर तिचे होते आणि त्या नावाला प्रथमच अर्थ प्राप्त होतो. परंतु झोळीत हातमोजे आणि ताईत घेऊन बाहेर पडणाऱ्या खेळाडूने राफाएलला मारले असले, तरी त्याची मोजपट्टी नाकारली आहे असे म्हणता येत नाही. सैतानाचा करार फाडणे तुलनेने सोपे. त्याचा हिशेब करण्याचा रिवाज सोडणे कठीण.