क्रीडनीयकाची समीक्षा

१

नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायात इंद्रादी देव ब्रह्मदेवाकडे जातात आणि पाहता येईल, ऐकताही येईल असे एक क्रीडनीयक, म्हणजे खेळणे, मागतात. ब्रह्मदेव त्यांना नाट्यवेद देतो. भारतीय कलाविचाराच्या उगमाशीच कलेसाठी खेळण्याचा शब्द यावा, ही गोष्ट आपल्या समीक्षेने फारशी मनावर घेतलेली नाही. घेतली असती, तर गेल्या चाळीस वर्षांत घराघरांत शिरलेल्या दृश्य-श्राव्य क्रीडनीयकाकडे, म्हणजे व्हिडिओ गेमकडे, तिने इतकी पाठ फिरवली नसती.

आपल्याकडे या खेळांविषयी बोलले जात नाही असे नाही. पुष्कळ बोलले जाते. परंतु ते पालकांच्या, डॉक्टरांच्या आणि शासनाच्या भाषेत. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, तीत 'पब्जी' होता. त्या वेळी देशाची सुरक्षितता, माहितीची चोरी आणि मुलांचे व्यसन या तिन्ही अंगांनी चर्चा झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा केला, तेव्हाही प्रश्न जुगाराचा होता. हे प्रश्न रास्त आहेत. मात्र शंभर माणसे एका बेटावर उतरतात, त्यांच्याभोवतीचे वर्तुळ क्षणाक्षणाला आवळत जाते आणि अखेर एकानेच उरायचे असते, या रचनेतून माणसांच्या सहजीवनाविषयी कोणते विधान होते, हा समीक्षेचा प्रश्न कोणी विचारला नाही.

बाहेर तो विचारला गेला. अमेरिकन चित्रपटसमीक्षक रॉजर ईबर्ट यांनी २०१० साली व्हिडिओ गेम कधीही कला होऊ शकणार नाहीत असे ठामपणे लिहिले. कलेत कर्त्याचे नियंत्रण असते, खेळात ते खेळणाऱ्याच्या हाती जाते, असा त्यांच्या भूमिकेचा एक मुख्य आधार होता. कोकणातले दशावतारी नाटक पाहिलेल्या वाचकाला हा आक्षेप तितकासा भेडसावणार नाही. तेथे लिखित संहिता नसते. कथेचा सांगाडा आणि संकेत ठरलेले असतात, संवाद नट रंगमंचावर उभ्या उभ्या रचतो. म्हणून दशावतार ही कला नव्हे असे आपण म्हणत नाही. कर्त्याचे नियंत्रण तेथे शब्दांवर नसून संकेतांवर असते. व्हिडिओ गेममध्ये ते नियमांवर असते. यावरून प्रस्तुत लेखाची भूमिका एका वाक्यात मांडता येईल : खेळाचा आशय त्याने सांगितलेल्या गोष्टीत जितका असतो, त्याहून अधिक तो खेळणाऱ्याच्या हातून जी कृती करवून घेतो तीत असतो, आणि या दोहोंची संगती हाच त्याच्या मूल्यमापनाचा पहिला निकष होय.

२

हा निकष परका नाही. चेन्नईतील वेस्ट मांबलमसारख्या वस्तीत राहणाऱ्या मराठी माणसाला तो दर वर्षी मार्गळी महिन्यात भेटतो. वैकुंठ एकादशीच्या रात्री जागरणासाठी वैष्णव घरांत परमपद सोपानाचा पट मांडला जातो. सोपानांनी वर चढायचे, सर्पाच्या तोंडी सापडल्यास खाली घसरायचे, शेवटी वैकुंठ गाठायचे. आपल्याकडे हाच पट मोक्षपट म्हणून ओळखला जातो आणि परंपरा त्याचे कर्तृत्व ज्ञानदेवांकडे देते. या परंपरेची ऐतिहासिकता बाजूला ठेवली, तरी एक गोष्ट उरतेच : एका तत्त्वचिंतनाला खेळाचे रूप द्यावे असे कोणाला तरी वाटले आणि समाजाने ते मान्य केले.

परंतु पट जे सांगतो आणि सोंगटी जे करते, त्यांत अंतर आहे. घरांवर सद्गुण-दुर्गुणांची नावे आहेत. अर्थ असा की माणूस आपल्या आचरणाने चढतो किंवा पडतो. प्रत्यक्षात खेळणारा काहीच निवडत नाही. फासा पडेल तेथे जावे लागते; दया वाट्याला येते ती मनुष्य दयाळू वागला म्हणून नव्हे. मग हा खेळ कर्माचा की दैवाचा? कोणी म्हणेल, फासा म्हणजे प्रारब्ध. कोणी म्हणेल, येथे ईश्वरी कृपेचा सिद्धान्त आहे. मला वाटते, या पटाचे सामर्थ्य याच अनिर्णयात आहे. उपदेश एक बोलतो, नियम दुसरे बोलतो आणि खेळणारा रात्रभर त्या दोहोंच्या मध्ये जागा राहतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात गेला आणि कालांतराने घरांवरची नावे पुसली गेली. आज मुलांच्या हाती येणाऱ्या सापशिडीत नियम तोच आहे, पण ज्याच्याशी तो वाद घालत असे ते विधानच उरलेले नाही. खेळ शिल्लक राहून आशय नष्ट होतो, तो असा.

३

दुसऱ्या टोकाला ज्यात गोष्टच नाही असा खेळ घेऊ. अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी १९८४ साली मॉस्कोत 'टेट्रिस' रचला. प्रत्येकी चार चौकोनांच्या सात आकृत्या एकामागून एक वरून पडतात. त्या फिरवून, सरकवून आडवी ओळ भरायची. ओळ भरली की नाहीशी होते. वेग वाढत जातो आणि शेवटी ढीग माथ्याला लागतोच. जेनेट मरे यांनी १९९७ मध्ये या खेळात तत्कालीन अमेरिकन माणसाच्या कामांनी गच्च भरलेल्या जीवनाचे चित्र पाहिले. २००१ मध्ये मार्कू एस्केलिनेन यांनी त्यांच्यावर टीका केली, ती अशी की येथे खेळाचे वर्णन करण्याऐवजी त्याच्यावर एक कथा लादली गेली आहे. खेळाकडे कथा म्हणून पाहावे की स्वायत्त रचना म्हणून, हा वाद पुढे बराच गाजला.

मराठी वाचकाला या वादात काहीतरी ओळखीचे वाटेल. मर्ढेकरांनी सौंदर्याचा विचार करताना संवाद, विरोध आणि समतोल अशी लयतत्त्वे मांडली. 'टेट्रिस'मध्ये आकृतीला साजेशी खाच मिळते तेव्हा संवाद साधतो, आडमुठी आकृती येते तेव्हा विरोध उभा राहतो आणि खेळणारा प्रतिक्षणी ढासळणारा समतोल सावरत असतो. या अर्थाने तो शुद्ध लयबद्ध रचना आहे आणि एस्केलिनेन यांचे म्हणणे येथवर ग्राह्य आहे. पण ही लय आपण केवळ पाहत नाही. ती आपल्या हातून घडते आणि आपल्याच हातून बिघडते. यशस्वी ओळ दिसेनाशी होते, चूक तेवढी साचत राहते. हा अनुभव ज्याने घेतला त्याने मरे यांच्या वाचनाला सरसकट खोटे म्हणू नये. तो अर्थ त्यांनी अमेरिकेपुरता आणि एका दशकापुरता आखडून घेतला, एवढाच दोष त्यांच्याकडे जातो. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने २०१२ साली चौदा व्हिडिओ गेम आपल्या संग्रहात घेतले, त्यांत 'टेट्रिस' होता. ही निवड उचित होती.

४

आता जे खेळ आपल्याविषयी बोलतात त्यांच्याकडे वळू. 'अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी' (२०१७) हा अमेरिकन खेळ पश्चिम घाटात घडतो. त्याची नायिका क्लोई फ्रेझर हिचे वडील भारतीय आहेत आणि ती होयसळांचा एक ठेवा, गणेशाचा दात, शोधते आहे. परशुराम आणि एकदंत यांची कथा त्यात आहे. शिल्पांवर मेहनत घेतलेली आहे. तथापि हळेबीड आणि बेलूर ही नावे तेथे अरण्यात हरवलेल्या नगरांना दिली आहेत. वास्तविक बेलूरच्या १११७ साली उभारलेल्या चेन्नकेशव मंदिरात आजही पूजा चालते. कादंबरीतही असे कल्पनास्वातंत्र्य घेतले जाते, म्हणून केवळ तेवढ्यावर बोट ठेवणार नाही. खरा दोष नियमात आहे. येथे मूर्तीचा हात हा पकडायचा आधार आहे, कोनाडा ही पाय ठेवण्याची जागा आहे. नायिका वडिलांच्या वारशाविषयी हळवेपणाने बोलते आणि तिचे हात मात्र त्या वारशाकडे चढण्याची वस्तू म्हणूनच पाहतात. देवळात थांबावे, पाहावे, अशी कृती या खेळाला फार थोड्या वेळा सुचते.

'राजी : ॲन एन्शन्ट एपिक' (२०२०) हा पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा खेळ. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाच्या, गोलूच्या, शोधात निघालेली राजी ही डोंबाऱ्याच्या कसबाची सर्कशीतली मुलगी. ती भिंतींवरून धावते, खांबांभोवती गिरक्या घेते. ही कसरत तिच्या जगण्यातूनच आलेली असल्यामुळे कृती आणि व्यक्तिरेखा यांचा मेळ येथे उत्तम जमला आहे. राजस्थानी वास्तूंची आठवण देणारे महाल, भित्तिचित्रांतून उलगडणाऱ्या पुराणकथा, छायाबाहुल्यांच्या रूपाने सांगितलेले कथाभाग, यांत डोळसपणा आहे. परंतु दुर्गा आणि विष्णू सतत बोलत राहतात. राजी काय करते आहे, काय करील, याचे भाष्य देवांच्या मुखी आहे. परिणामी जिच्या हालचाली आपण घडवतो ती मुलगी मनाने आपल्यापासून दूरच राहते. शिवाय महाबलासुरापर्यंत पोहोचलेली कथा अर्धवट तुटते. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलावंत छायाबाहुल्या नाचवतात, तेव्हा त्यांचे देव तिथल्या बोलीत बोलतात. पुण्यात घडलेल्या या खेळात देवांची पहिली भाषा इंग्रजी होती. बाजारपेठेची अडचण समजण्यासारखी आहे. तरीही पुराणकथा ही दृश्यांची पेठ होऊन तिच्यातील वाणी गळून पडते तेव्हा काय गमावले जाते, याची नोंद समीक्षेने केलीच पाहिजे.

५

गमावलेल्या भाषेचाच प्रश्न केंद्रस्थानी आणणारा खेळ म्हणजे 'वेण्बा' (२०२३). टोरांटोतील विसै गेम्सने तो केला. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तमिळनाडूतून कॅनडात गेलेल्या एका कुटुंबाची ही कथा. नावांतच काव्यशास्त्र आहे : वेण्बा हे तमिळमधील एका प्राचीन वृत्ताचे नाव, कुरळची द्विपदी त्याच वृत्तकुळातली, पावलन म्हणजे कवी, आणि त्यांचा मुलगा कविन, म्हणजे सुंदर. वृत्त आणि कवी यांच्या पोटी जन्मलेला मुलगा घरची भाषा टाळू लागतो, इतकी साधी आणि इतकी जिव्हारी लागणारी ही कल्पना आहे.

खेळणाऱ्याने करायचे ते एकच : स्वयंपाक. वेण्बाजवळ आईची पाककृतींची वही आहे, पण तिची पाने फाटलेली, अक्षरे पुसलेली आहेत. इडलीपात्राच्या ताटल्या कशा रचाव्यात, पुट्टूच्या नळकांड्यात पीठ आणि खोबरे कोणत्या क्रमाने घालावे, हे उरलेल्या खुणांवरून ताडायचे. जुन्या पोथ्यांवर काम केलेल्या माणसाला हे काम ओळखू येईल. ही पाठचिकित्सा आहे. खंडित पाठ, अनुमानाने भरलेली जागा आणि त्या अनुमानाची परीक्षा. फरक इतकाच की येथे परीक्षा वाफेवर होते. पुढे सूत्रे कविनच्या हाती येतात आणि आईची लिपी जेमतेम वाचू शकणाऱ्या मुलाच्या जागी आपण उभे राहतो. भाषा तुटणे म्हणजे काय हे सांगितले जात नाही. तुटलेल्या भाषेतून एक पदार्थ सिद्ध करून दाखवावा लागतो. आशय आणि नियम यांची इतकी सहज एकरूपता मी फार थोड्या खेळांत पाहिली. २०२४ साली ब्रिटनच्या बाफ्टाने त्याला पदार्पणाचा पुरस्कार दिला.

दोषही आहेत. हा खेळ फार तर दीड तासाचा. चुकले तर पुन्हा करता येते. चुकीची किंमत मोजावी लागत नाही, त्यामुळे हानीवरच्या या कथेत खेळणाऱ्याला हानी सोसावी लागत नाही. संवादांतील पर्याय निवडल्याने फारसे काही बदलत नाही. पावलनचा मृत्यू आपल्याला सांगितला जातो, खेळवला जात नाही. स्वयंपाकघराबाहेर पडताच खेळ पुन्हा सचित्र गोष्ट होतो.

या शहरातल्या मराठी घरांना 'वेण्बा' परका वाटणार नाही. तंजावरच्या भोसल्यांच्या काळापासून तमिळ देशात राहिलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज चेन्नईत आहेत. त्यांतल्या अनेक घरांत मराठी बोलली जाते, पण ती देवनागरीत वाचणारे थोडे. आणि शब्द टिकतात ते बहुधा चुलीपाशीच. सरफोजीराजांच्या दरबारातले मराठी पाकग्रंथ सरस्वती महालात जपले गेले, ही गोष्ट या संदर्भात निव्वळ योगायोगाची राहत नाही. कॅनडातील एका तमिळ मुलाची वही ही तंजावरी मराठी मुलाचीही वही आहे.

६

तंजावरचा उल्लेख आणखी एका कारणासाठी आवश्यक आहे. शहाजीराजांनी (राज्यकाल १६८४–१७१२) तेथे मराठी नाटके लिहिली. तरी मराठी नाटकाचा आरंभ आपण दीर्घकाळ १८४३ च्या 'सीतास्वयंवरा'पासून मोजत आलो. जे आपल्या प्रदेशात आणि आपल्या ओळखीच्या घाटात नव्हते ते आपल्याला दिसले नाही. व्हिडिओ गेमच्या बाबतीत तीच दृष्टी पुन्हा आड येत आहे. कोलकात्याचे सौविक मुखर्जी यांनी २०१७ मध्ये वसाहतवाद आणि व्हिडिओ गेम यांवर इंग्रजीत स्वतंत्र ग्रंथ लिहिला. मराठीत अशा अभ्यासाची सामग्री आहे, परिभाषा आहे, लयविचार आहे, प्रयोगकलांचा अनुभव आहे.

प्रत्येक खेळ ही कलाकृती आहे असा माझा दावा नाही; बहुतेक नाहीत, जशा बहुतेक कादंबऱ्या नसतात. परंतु निवड करायची तर वाचावे लागते आणि खेळ वाचायचा म्हणजे तो खेळावा लागतो. खेळणाऱ्याच्या हातून काय करवून घेतले जाते, ते सांगितलेल्या गोष्टीशी जुळते की तिच्याशी भांडते, आणि भांडत असेल तर त्या भांडणातून मोक्षपटासारखे काही निष्पन्न होते की 'लॉस्ट लेगसी'सारखी नुसती विसंगती उरते, हे प्रश्न विचारणे आजच्या समीक्षकाला टाळता येणार नाही. आपली मुले कोणत्या कृतींचा रोज सराव करीत आहेत, हे समजून घेण्याचा दुसरा मार्ग आज तरी दिसत नाही.