किल्ल्याला टाके हवे

१९३७च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली. आज काही शाळांत ‘डिझाइन थिंकिंग’ वेगळा विषय म्हणून शिकवतात. धायरीतले दिवाळीचे किल्ले पाहताना मला वाटते, वास्तुविचाराची आपली शाळा अंगणातच भरते. उणीव आहे ती परीक्षणात. सिंहगडाशी साम्य आणि सजावट यांना गुण मिळतात. देवटाके राहिले तरी कोणी हटकत नाही. गेल्या वर्षी मी एका मुलाला विचारले, ‘शिबंदी पाणी कुठले पिणार?’ त्याने मावळे बाजूला काढले, उतार पाहिला आणि माती पुन्हा उकरली. रचनेचा विचार तिथे सुरू झाला. मात्र पार्किंगच्या फरशीवर प्लास्टरचा तयार किल्ला मांडणाऱ्या मुलाने हा प्रश्न सोडवायला उकरायचे काय?