मुंबईची गाणी आणि मागे राहिलेली मैना

मुंबईवरील गाण्यांचा विषय निघाला, की आपले रसिक चटकन 'सी.आय.डी.' (१९५६) या चित्रपटातील मजरूह सुलतानपुरींच्या गाण्याकडे बोट दाखवितात. ओ. पी. नय्यर यांनी एका जुन्या अमेरिकन गीताच्या चालीवर बसविलेले ते गाणे खुसखुशीत आहे, यात शंका नाही. परंतु मुंबईच्या गाण्यांचा इतिहास तेथून सुरू करणे मला मान्य नाही. तो तमाशाच्या फडापासूनच सांगितला पाहिजे.

पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) हे मूळचे वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे कुलकर्णी. आपल्या लावणीत त्यांनी मुंबईला रावणाच्या लंकेची उपमा दिली. उपमा मोठी मार्मिक आहे. लंका सोन्याची खरी, पण तेथे सुख कोणाला लाभले? बापूराव मात्र या प्रश्नापाशी थांबत नाहीत. त्यांचा डोळा जत्रेला आलेल्या माणसाचा. नगरीचा थाट पाहून तो दिपतो.

त्याच तालुक्यातील वाटेगावचे अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९). मुंबईची लावणी त्यांनीही लिहिली. पण येथे मलबार हिलच्या वैभवासमोर परळातले राबणारे हात उभे राहतात. पाहुण्याची नजर जाऊन रहिवाशाची आली. तरीही माझ्या मते त्यांची श्रेष्ठ रचना 'माझी मैना' ही छक्कडच. पोटासाठी मुंबईला आलेला गडी गावी राहिलेल्या बायकोसाठी झुरतो, आणि शेवटी तोच विरह बेळगाव-कारवारला मुकलेल्या महाराष्ट्राचा होतो. तिला प्रचारगीत म्हणून बाजूला सारणे मला पटत नाही. निव्वळ प्रचार प्रसंग सरला की मरतो. १ मे १९६० ला राज्य झाले, तरी छक्कड गायली जातेच आहे. कारण तिच्यातला निरोप खरा आहे.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझे वडील गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर ते ट्रंक घेऊन गावी परतले, आणि मुंबईविषयी पुन्हा बोलले नाहीत. पुढे मी शिक्षक झालो. आमच्या शाळेच्या संमेलनात मुलांनी ही छक्कड म्हटली, तेव्हा ते मंडपातून उठून बाहेर गेले. त्या रात्री मी आईपाशी गाण्याची थोरवी सांगू लागलो. ती म्हणाली, "मैना दिसती कशी ते समदं सांगितलं. पर मैना काय म्हणत हुती, ते कुणी इचारलं का?"

माझी सारी समीक्षा त्या एका प्रश्नापुढे थिटी पडली. 'गमन' (१९७८) मध्ये शहरयारांच्या गझलेने शहराचे नावही न घेता त्याची घुसमट सांगितली. पण तेथेही बोलतो तो गेलेला माणूसच.

मैनेचे उत्तर जात्यावर आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. मुंबईला गेलेल्या माणसांची वाट पाहणाऱ्या बायकांचा आवाज ऐकायचा, तर तो अशा ओव्यांत ऐकावा लागतो. त्या शाहिरीशेजारी ठेवल्याशिवाय मुंबईच्या गाण्यांचा इतिहास अर्धाच राहील.

आईचे जाते अजून पडवीत आहे. या सुट्टीत वही घेऊन मी तिच्यासमोर बसणार आहे.