यशाचा समुद्र आणि वणीचे मास्तर

फराळाच्या ताटाशेजारी संस्कृत महाकाव्य आणून ठेवणे हा वाचकांवर अन्यायच. पण या ग्रंथाशी आमच्या यवतमाळ जिल्ह्याचे नाते घरचे, म्हणून हे धाडस. लोकनायक बापूजी अणे सर्वांना ठाऊक आहेत. १९३० साली पुसदकडे झालेला जंगल सत्याग्रह त्यांच्याच पुढाकाराने झाला. त्यांनी टिळकांवर ‘श्रीतिलकयशोऽर्णव’ हे प्रचंड काव्य रचले, हे मात्र त्यांच्या वणीत तरी किती जणांना सांगता येईल, मला शंका आहे.

१८८० साली वणीला जन्मलेले बापूजी नागपुरास शिकून १९०४ मध्ये अमरावतीच्या काशीबाई खासगी हायस्कुलात मास्तर झाले. मास्तरकी अवघी तीन वर्षे. पुढे यवतमाळची वकिली, टिळकांची साथ, तुरुंग, सिलोन, बिहारचे राज्यपालपद. लोक म्हणतात, मास्तरकी तेव्हाच सुटली. मला तसे वाटत नाही. एका माणसाचे आयुष्य सांगायला बारा हजारांच्या आसपास श्लोक रचणारा कवी म्हणजे, पोरांनी काही विसरू नये म्हणून सगळेच फळ्यावर लिहिणारा मास्तर!

हेच या काव्याचे बळ आणि हीच त्याची अडचण. रामाला वर्तमानपत्र काढावे लागले नाही, की राजद्रोहाचा खटला लढवावा लागला नाही. ‘केसरी’, मंडाले, काँग्रेसमधली भांडणे अशी कालपरवाची सामग्री जुन्या श्लोकात बसवू पाहणे ही लहान हिंमत नव्हे. पण ग्रंथाचे नावच ‘यशाचा समुद्र’. यश गायचे एकदा ठरले, की महाकाव्यात नायकाच्या हट्टाला आणि चिडीला फारशी जागा उरत नाही. आणि टिळक तर हट्टीच होते. त्यांच्याबरोबर वावरलेल्या या माणसाने तसे टिळक साध्या मराठीत शंभर पानांत सांगितले असते, तर मी दोनेक हजार श्लोक आनंदाने सोडून दिले असते.

संस्कृतच का, याचे उत्तर मात्र अवघड नाही. वणीची मराठी काशीला किंवा केरळात पोचली नसती, संस्कृत पोचते. बापूजी १९६८ साली गेले आणि १९७३ साली या काव्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. घरच्या लोकांसाठी मात्र दार बंदच राहिले.

दारव्ह्याचे एक निवृत्त संस्कृत शिक्षक दर रविवारी आम्हा तिघाचौघांना ते थोडे उघडून देतात. चार श्लोक झाले की चहा येतो. या चालीने पहिला खंड केव्हा संपेल, याचा हिशेब आम्ही मुद्दामच केलेला नाही.