महिकावतीच्या बखरींतील वंश व सोयरिकी

केळवें-माहीमपासून चिंचणी-तारापूरपर्यंतच्या किनाऱ्यावरील जुन्या घराण्यांचा कुळवृत्तान्त लिहावयास बसलेला मनुष्य अखेरीस एकाच पुस्तकाशीं येऊन पोंचतो. तें म्हणजे कै. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं शके १८४६ (इ. स. १९२४) मध्यें प्रसिद्ध केलेली 'महिकावतीची ऊर्फ माहीमची बखर'. लग्नाच्या बोलण्यांत "आमचें कुळ बखरींत आहे" असें सांगून दुसऱ्या पक्षास निरुत्तर केलेलें प्रस्तुत लेखकानें अनेकदां ऐकलें आहे. तेव्हां तींतील वंशकथनावर कितपत भिस्त ठेवावी, हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे.

बखर हा एकहातीं ग्रंथ नसून निरनिराळ्या काळच्या प्रकरणांचा समुच्चय आहे, हें राजवाड्यांनींच दाखवून दिलें. त्यांतील केशवाचार्याचा भाग शके १३७० चा. परंतु कुळवृत्तकार हा भेद विसरतात आणि कोणत्याही प्रकरणांतलें वाक्य सारख्याच वजनानें उद्धृत करतात.

बखर कुळांस सूर्य, सोम व शेष यांच्यापर्यंत नेऊन भिडविते. पुराणांची ओळख असलेल्या वाचकास येथील सांधा तत्काळ दिसतो. वंशानुचरितांतलें शेवटचें नांव आणि कोंकणांतलें पहिलें नांव यांमध्यें शेंकडों वर्षांची पोकळी आहे, व ती भरून काढण्याचा यत्नही केलेला नाहीं. यांत लबाडी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. याच ठाण्याचे शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत स्वतःस जीमूतवाहन विद्याधराचे वंशज म्हणवितात; विलायतेंत वेल्स प्रांतींचे वंशवेत्ते आपल्या सरदारांस त्रोयनगरच्या ब्रूटसापर्यंत नेत. पण शोभेची कमान ती शोभेची कमान. तिच्यावर घर बांधूं नये.

प्रतापबिंबानें शके १०६० च्या सुमारास उत्तर कोंकण घेतलें, हें विधानही जपून घ्यावें. त्या सालीं ठाण्यास शिलाहार अपरादित्य नांदत होता, व त्याच्यामागून हरिपालदेव व मल्लिकार्जुन यांचेही लेख उपलब्ध आहेत. शके १०४९ च्या वडवली ताम्रपटांत छित्तुक नामक शत्रूनें देश व्यापल्याचा उल्लेख आहे खरा, म्हणजे धामधुमीचा काळ होता. पण धामधूम निराळी व राज्यस्थापना निराळी.

सोयरिकींचें मात्र तसें नाहीं. बखरींत नागरशा राजाची हकीकत आहे. त्याचे मेहुणे नानोजी, विकोजी व बाळकोजी यांनीं गांवें मागितलीं, राजानें तीं नाकारलीं, तेव्हां मेहुण्यांनीं देवगिरीच्या रामदेवरावाकडे धांव घेतली आणि हेमाडपंत फौज घेऊन आला. आतां रामदेवाचे ठाण्याचे दोन ताम्रपट प्रसिद्ध आहेत, शके ११९४ चा व शके १२१२ चा. पहिल्यांत अच्युत नायक व दुसऱ्यांत कृष्णदेव हा यादवांचा अधिकारी ठाणेंप्रांतीं दिसतो. मग त्याच सुमारास तेथें स्वतंत्र राजा कोठून आला? चतुर्वर्गचिन्तामणिकार हेमाद्रि सेनापति होऊन आला हेंही फार सोईचें वाटतें. कोंकणांत अनामिक देऊळ जसें त्याच्या नांवावर जातें, तशीच ही लढाईही त्याच्या नांवावर गेली असावी.

तथापि राजास वतनदार व युद्धास कज्जा म्हटलें कीं हकीकत सरळ उभी राहते. पूर्वज कल्पून घेण्यास एकटें घराणें पुरे. सोयरीक मात्र दोन्ही घरांच्या स्मरणांत असते, आणि तींतून गांवांचें भांडण उपजलें तर दोन्ही पक्ष तें विसरूं देत नाहींत. शिवाय जांवयाच्या घरीं मेहुण्यांनीं हक्क सांगावा व त्यावरून परचक्र यावें, ही गोष्ट गौरवाची नाहीं. ती कोणी भूषणार्थ कशास रचील? म्हणून बखरींतील विवाहसंबंधांस आम्ही वंशावळीहून अधिक वजन देतों. राजवाड्यांचें लक्ष 'महाराष्ट्रधर्म' या शब्दावर खिळलें; या अंगाकडे त्यांनीं तितकें पाहिलें नाहीं.

जवळच्याच जव्हारच्या मुकणे घराण्याची कथा ताडून पाहण्याजोगी आहे. मूळपुरुषानें बैलाच्या कातड्याएवढी जमीन मागितली व कातड्याची वादी कापून मुलूख वेढला, असें ती सांगते. हीच कथा कार्थेजच्या डिडो राणीचीही आहे, तेव्हां ती खरी नव्हे हें उघड. परंतु तींत सूर्य नाहीं, सोम नाहीं, जमीन कशी मिळविली एवढेंच आहे.